चिठ्ठी, पासबुक आणि सातबारा: रविवारच्या टेबलावर वारंवार येणारे प्रश्न

मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटं वाचनालय आहे. दर रविवारी सकाळी दहा ते साडेबारा तिथल्या लांब टेबलाशी आम्ही तिघं लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला बसतो. मी बँकेतून निवृत्त झालेला, चौतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढलेली. दुसरे एक मेडिकल दुकानदार. रविवारी दुकान मुलावर सोपवून येतात. तिसऱ्या एक वकीलबाई, दिवाणी कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या. त्यांना महिन्यातून दोनदाच जमतं. आलेले प्रश्न मी वहीत उतरवतो. तिसरी वही संपत आली तेव्हा लक्षात आलं, माणसं बदलतात, प्रश्न तेच. म्हणून हे लिहून काढलं. प्रश्न लोकांनी विचारले त्याच शब्दांत ठेवलेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण खाली ती परत परत येणार आहे. "होत नाही", "वरून बंद केलंय", "सिस्टीम घेत नाही" ही उत्तरं तोंडी ऐकून घरी येऊ नका. "साहेब, एवढंच दोन ओळींत लिहून सही-शिक्का द्या" म्हणा. माझ्या अनुभवात निम्मी कामं तिथंच होतात. हे मी काउंटरच्या आतून बघितलंय, म्हणून खात्रीनं सांगतो.

तुमची फी किती?

चहा. तोही वाचनालयाच्या खात्यावर असतो.

मला पाचच गोळ्या पाहिजेत. मेडिकलवाला म्हणतो अख्खी पट्टी घ्या, नाहीतर दुसरीकडं बघा. हे बरोबर आहे का?

वहीतला पहिल्या नंबरचा प्रश्न. आमचे मेडिकलवाले समोर बसलेले असतात, त्यामुळं भांडणाची मजाही येते.

औषधांच्या किमतींसाठी केंद्र सरकारचा २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश आहे. सुट्या गोळ्या विकताना पट्टीच्या हिशेबानं जेवढी किंमत पडते त्याहून जास्त घेता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. पंधरा गोळ्यांची पट्टी १५० रुपयांची असेल, तर गोळी दहाची आणि पाच गोळ्या पन्नासच्या. "सुट्टी घेतली की बारा रुपये" हा दर दुकानदाराच्या मनातला. विनाकारण औषध नाकारता येत नाही, असंही त्याच आदेशात आहे.

आता दुसरी बाजू, जी आमच्या दुकानदारांनी पट्टी हातात धरून दाखवली. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख पट्टीच्या एका टोकाला ठोकलेली असते. गिऱ्हाइकानं तेच टोक मागितलं, की राहिलेल्या दहा गोळ्या बिनतारखेच्या होतात. कापलेली पट्टी होलसेलवाला परत घेत नाही. औषध निरीक्षक आला आणि ड्रॉवरमध्ये असे तुकडे सापडले, की उत्तर दुकानदारालाच द्यायचं. म्हणून शहाणा दुकानदार दुसऱ्या टोकाकडून कापतो. तुम्ही एवढंच करा: कापायच्या आधी तारखेच्या टोकाचा मोबाईलवर फोटो काढा आणि बिलावर बॅच नंबर लिहून घ्या. दोघांचंही भागतं.

बाटली, डोळ्यांचे थेंब, इनहेलर हे अर्थातच तोडून मिळत नाही. आणि अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स असताना "दोन दिवसांच्या द्या, बरं वाटलं तर बास" म्हणून सुट्या मागणारे येतात. त्यांच्याशी आमचे मेडिकलवाले भांडतात, आणि तिथं मी त्यांच्या बाजूनं असतो.

आईची झोपेची गोळी गेली चार वर्षं चालू आहे. दुकानदार ओळखीचा आहे. तरी आता चिठ्ठी मागतो.

मागणारच. त्या गोळीत बहुतेक अल्प्राझोलाम असतं, आणि ते 'एच-वन' यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या एका कडक यादीत आहे. ही यादी मार्च २०१४ पासून लागू झाली. त्यातलं औषध विकताना डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरात लिहावे लागतात, आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. ओळख रजिस्टरात लिहिता येत नाही.

लोकांना माहीत नसलेली गोष्ट दुसरीच आहे. अशा औषधांच्या एका चिठ्ठीवर नियमानं एकदाच औषध द्यायचं असतं. पुन्हा पुन्हा द्यायचं असेल, तर तसं डॉक्टरांनी चिठ्ठीवरच लिहायला हवं. म्हणून डॉक्टरांकडं गेल्यावर उठायच्या आधी सांगा: "किती महिने चालू ठेवायची आणि किती वेळा द्यायची, तेवढं लिहून द्या." एका ओळीनं तीन महिन्यांचे हेलपाटे वाचतात. चिठ्ठी बेळगावच्या डॉक्टरांची असली तरी चालते. आपल्याकडं निम्मे पेशंट तिकडूनच येतात. अट एवढीच, की डॉक्टर नोंदणीकृत हवेत आणि नाव, नोंदणी क्रमांक, तारीख वाचता यायला हवी.

डॉक्टरांनी लिहिलेल्या कंपनीची गोळी संपली होती. "तीच गोळी, कंपनी दुसरी" असं मीच म्हणालो, तरी दिली नाही. तोट्यात जाण्याची हौस आहे का त्याला?

हौस नाही, भीती आहे. औषध नियमांनुसार 'एच', 'एच-वन' किंवा 'एक्स' (चिठ्ठीशिवाय न विकायच्या) यादीतलं औषध चिठ्ठीवर असेल, तर त्याच्या जागी दुसरं उत्पादन देता येत नाही, आतला घटक तोच असला तरी. म्हणजे स्वस्तातली गोळी देऊन तुमचे पैसे वाचवणारा दुकानदार कागदोपत्री चूक करत असतो. मला हा नियम पटत नाही. पण तो आहे.

यातून वाट डॉक्टरांच्या टेबलावरूनच निघते. ब्रँडच्या जागी, किंवा निदान ब्रँडखाली, घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून मागा. ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जाता येतं. ही केंद्रं २००८ पासून आहेत आणि तिथली औषधं ब्रँडच्या मानानं ५० ते ९० टक्क्यांपर्यंत स्वस्त पडतात. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड अशा जन्मभराच्या औषधांना फरक मोठा पडतो. सगळी औषधं तिथं मिळत नाहीत, आणि एखादं औषध महिनाभर गायब असतं हाही अनुभव आहे. म्हणून संपायच्या आठ दिवस आधी जा. पाकीट बदललं, रंग बदलला की घरातली म्हातारी माणसं गोंधळतात आणि दोन्ही गोळ्या घेतात. जुनी पट्टी टाकून द्या.

दवाखान्यात भरती केलं. नर्स म्हणाल्या, औषधं खालच्या मेडिकलमधूनच आणायची.

सक्ती करता येत नाही. हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. मार्च २०२५ मध्ये कोर्टानं राज्यांनी धोरण ठरवावं असं सांगितलं. त्याच वर्षी आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं, 'औषधं याच दुकानातून घेणं बंधनकारक नाही' असा फलक रुग्णालयांतल्या औषध दुकानांत लावायचे आदेश काढले. फलक दिसला नाही तर प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५.

आता व्यवहाराचं. रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात उभं राहून कायदा सांगायचा नसतो, औषध आणायचं असतं. आणा, पण पक्कं बिल घ्या, बॅच नंबरसकट. डिस्चार्जच्या वेळी न वापरलेली औषधं परत द्या आणि ती बिलातून वजा झाली का बघा. माझ्या मेहुण्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी बिलाच्या अकरा पानांवर पेन्सिलनं खुणा केल्या होत्या. सलाईन बावीस लावलेलं, पेशंटच्या चार्टवर चौदा. दवाखान्याचं नाव सांगत नाही. पैसे परत मिळाले, "टायपिंग मिस्टेक" म्हणाले.

पट्टीवर मुदत ०६/२०२६ अशी आहे. म्हणजे एक जूनला संपली का?

नाही. नुसता महिना लिहिलेला असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते. ३० जून.

राहिलेली औषधं दुकानदार परत का घेत नाही?

"विकलेला माल परत घेणार नाही" हे बिलावर छापलं म्हणून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. मुदत संपलेलं, फुटलेलं किंवा चुकीचं दिलेलं औषध परत घ्यायलाच हवं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत न घेणं ही अनुचित प्रथा धरली आहे. पण औषध चांगलं आहे आणि तुम्हालाच नको झालंय, तर तो त्याच्या खुशीचा मामला. इन्सुलिनसारखी फ्रीजमधली औषधं कोणीच परत घेणार नाही, आणि घेऊही नयेत. तुमच्या घरी ती फ्रीजमध्ये होती की फ्रीजवर, हे त्याला काय माहीत?

एटीएममधून पैसे आले नाहीत, खात्यातून मात्र गेले.

स्लिप आली असेल तर जपून ठेवा. नसेल तर वेळ आणि मशीन कुठलं ते लिहून ठेवा, आणि आपल्या बँकेत तक्रार करा. मशीन दुसऱ्या बँकेचं असलं तरी तक्रार आपल्याच बँकेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. हे 'न मागता' फारसं घडत नाही. मागा.

ओटीपी सांगितला आणि पैसे गेले. आता काय?

वाचणं थांबवा आणि १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. मग बँकेला फोन करून कार्ड आणि नेट बँकिंग बंद करा. मग पोलीस. क्रम हाच. पहिल्या तासा-दोन तासांत फोन गेला, तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. दुसऱ्या दिवशी "मुलगा पुण्याहून आला की बघू" म्हणून थांबलेल्यांचे पैसे परत आल्याचं माझ्या वहीत एकही उदाहरण नाही.

तुमची काहीच चूक नसताना, म्हणजे ओटीपी न देता पैसे गेले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर २०१७ च्या नियमानुसार तोटा तुमचा नाही. ओटीपी स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणून तक्रारीची वेळ मिनिटासकट नोंदवून घ्या आणि तक्रार क्रमांक मागा.

आणि 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकार भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर वर्दी घातलेला माणूस दिसला की फोन ठेवा. आमच्याकडं एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. पोलिसांना उलट बोलायचं कसं, म्हणून त्यांनी सहा तास फोन चालू ठेवला. जेवलेही नव्हते.

बँकेत एफडी करायला गेले होते. घरी आल्यावर मुलानं वाचलं, तर विम्याची पॉलिसी.

इथं मला थोडी लाज वाटते, कारण शेवटची काही वर्षं मीही ही टार्गेटं जवळून पाहिलीत. मार्च महिन्यात शाखेत रोज संध्याकाळी विचारणा होते, आज किती पॉलिसी? समोर मुदत संपलेली एफडी घेऊन आलेल्या बाई असतात. "काकू, एफडीपेक्षा चांगलं आहे, पाच वर्षंच भरायचंय." काकूंना ऐकू येतं ते 'पाच वर्षांची एफडी'. 'भरायचंय' म्हणजे दरवर्षी भरायचंय, हे पुढच्या मार्चला कळतं.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत, आवडली नाही म्हणून ती परत करता येते. कारण सिद्ध करावं लागत नाही. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक यांचा थोडा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. अर्ज विमा कंपनीला द्या, प्रत बँकेला. पोचेवर तारीख घ्या, कारण "मॅनेजर रजेवर आहेत, सोमवारी या" असं सांगून ३० दिवस घालवले जातात.

मुदत उलटली असेल तर वाट लांबची आहे. आधी कंपनीकडं लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटणारं नाही, तर विमा लोकपाल. सांगली जिल्ह्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही. एका बाईंच्या अर्जात आम्ही एवढंच लिहिलं होतं: वय ७१, उत्पन्न फक्त पेन्शन, आणि प्रस्तावात वार्षिक उत्पन्न आठ लाख लिहिलंय; हा आकडा कोणाच्या अक्षरात आहे ते तपासावं. लोकपालाची पायरी चढायचीही गरज पडली नाही.

ओळख साधी आहे. एफडीच्या पावतीवर व्याजदर आणि परतीची तारीख असते. 'प्रीमियम', 'विमाधारक', 'हप्त्यांचा कालावधी' यातला एकही शब्द दिसला, की सही न करता उठा.

आमच्या पतसंस्थेत ठेवीला दीड-दोन टक्के जास्त मिळतात. ठेवू का?

सगळ्यात जास्त अश्रू मी या प्रश्नावर पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

बँक वेगळी, पतसंस्था वेगळी. इमारत तशीच, काउंटर तसाच, पासबुकही तसंच, आणि चेअरमन तर घरच्या लग्नाला आलेले. पण बँकेतल्या ठेवीला विमा असतो आणि पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो. ठेव विमा महामंडळाचं संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून दर ठेवीदाराला, दर बँकेत ५ लाखांपर्यंत आहे. त्याआधी ते एकच लाख होतं. मुंबईतल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, लोक रस्त्यावर आले, आणि काही महिन्यांत मर्यादा वाढली. ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आले, आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एक. त्यामुळं मिरजेत पाच आणि सांगलीत पाच असं केलं तरी बँक एकच असेल तर हिशेब पाचाचाच.

पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालत नाहीत, सहकार खात्याच्या नोंदणीवर चालतात. चांगल्या चालवलेल्या पतसंस्था आहेत, आपल्या भागात बऱ्याच आहेत. लहान दुकानदाराला आठवड्याच्या आत कर्ज तिथंच मिळतं, हे मी बँकवाला असूनही कबूल करतो. पण ठेव ठेवायच्या आधी वार्षिक अहवाल मागा. त्यात दोन पानं बघा: थकबाकीचं प्रमाण आणि लेखापरीक्षणाचा वर्ग. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजा. मुलीच्या लग्नाचे आणि आजारपणाचे पैसे तिथं ठेवू नका. जे अडकले तरी चूल पेटत राहील, तेवढेच ठेवा.

अडकले असतील तर: संस्थेला लेखी मागणी, पोच घेऊन. मग तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं तक्रार. संस्था बहुराज्य असेल तर राज्याच्या सहकार खात्याचे हात बांधलेले असतात. तक्रार दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाकडं जाते. फसवणूक दिसत असेल तर १९९९ चा महाराष्ट्राचा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे. त्याखाली पोलिसांत गुन्हा नोंदवून संचालकांच्या मालमत्तांवर टाच आणता येते. वेळ लागतो, वर्षं लागतात. पण एकेकट्यानं चेअरमनच्या घरी हेलपाटे घालण्यापेक्षा दहा-वीस ठेवीदारांनी एकत्र कागद केला, की तो हलतो. "तुमचे तेवढे गुपचूप देतो, कोणाला सांगू नका" असं सांगून एकेकाला फोडतात, तेवढं सांभाळा.

वडील गेले. खात्याला नॉमिनी मी आहे. धाकटा भाऊ म्हणतो, अर्धे दे. नॉमिनी म्हणजे मालकच ना?

नाही. नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे ताब्यात घेणारा. मालक कोण, ते मृत्युपत्र ठरवतं. ते नसेल तर वारसा कायदा. हिंदू कुटुंबात वडिलांनी स्वतः कमावलेल्या पैशांत पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, सगळ्यांचा सारखा हिस्सा. बहिणी या प्रश्नात बहुतेक वेळा उल्लेखातच नसतात. विचारणारे दोन भाऊ, हिस्सेदार पाच! शेअर्सच्या बाबतीत वेगळं असेल अशी काहींची समजूत होती. ती सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये संपवली.

मात्र नॉमिनी असताना बँकेनं वारस दाखला मागायचा नसतो, जामीनदारही नाही. मृत्यूचा दाखला, तुमची ओळख, क्लेम फॉर्म, आणि १५ दिवसांत पैसे. "रक्कम मोठी आहे म्हणून कोर्टाचं आणा" असं कोणी म्हणालं, तर लिहून मागा. नॉमिनी नसेल आणि वारसांत वाद नसेल, तरी सहकारी बँकेत ५ लाख आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंत कोर्टाचा कागद न मागता सोप्या पद्धतीनं देण्याचे नियम रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये काढलेत.

१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारी ठरवून. घरी गेल्यावर प्रत्येक पासबुकाचं पहिलं पान उघडा. 'नामांकन नोंदवले' असं नसेल तर सोमवारी बँकेत जा.

लॉकर पाहिजे तर पाच लाखांची एफडी ठेवा म्हणतात.

तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडायची वेळ आली तर त्याचा खर्च, एवढ्याच रकमेची ठेव मागता येते. भाडं २,००० असेल तर हिशेब काही हजारांत बसतो. प्रतीक्षा यादीत नाव घालून तिचा क्रमांक मागा.

घरमालक म्हणतो, अकरा महिन्यांचा करार आहे, नोटरी पुरे.

ही समजूत मुळात दुसऱ्या कायद्यातून आली. देशाच्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीचे भाडेपट्टे नोंदवावे लागतात, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं ५५ वं कलम आहे. त्याप्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे शेवटचं वाक्य वकीलबाई मालकांना मोठ्यानं वाचून दाखवतात.

खर्चाचा बाऊ असतो, म्हणून हिशेब करू. भाडं ८,०००, अकरा महिने, म्हणजे ८८,०००. अनामत ५०,०००, तिच्यावर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज अकरा महिन्यांचं साधारण ४,६००. बेरीज ९२,६००. त्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे दोनशे-तीनशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. वर एजंटचं काय असेल ते. घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर नोंदणी होते. आजींच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, ही एक खरी अडचण. हात धुऊन, थोडं तेल लावून, पुसून पुन्हा. चौथ्या वेळी उमटतात.

प्रतिज्ञापत्राला ५०० चा स्टॅम्प लागतो का?

ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच दस्तांना शंभरच्या जागी पाचशेचा लागतो, हे खरं. पण जात, उत्पन्न, रहिवासी अशा सरकारी दाखल्यांसाठी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क २००४ सालीच माफ झालंय. साधा कागद चालतो. स्टॅम्प विकणारा हे सांगणार नाही, त्याचं चुकलं असंही नाही. बऱ्याच ठिकाणी तर स्वयंघोषणापत्र आणि स्वतः सही केलेली झेरॉक्स पुरते; तो शासन निर्णय २०१५ चा आहे.

वडिलांच्या नावचा सातबारा आमच्या नावावर होईना. सहा महिने "उद्या या" चाललंय.

तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदललं, 'उद्या' तसाच आहे. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज, हे ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन भरा. तोंडी अर्जाला क्रमांक नसतो, ऑनलाइन अर्जाला असतो, आणि सगळा फरक तिथं आहे. नोंद धरली की फेरफाराचा क्रमांक पडतो, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. बहिणींची नावं वगळून यादी देऊ नका. एक तर ते बेकायदा, आणि पुढं विकायची वेळ आली की तिथंच गाडी अडते.

दिरंगाई झाली तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते. ती उलटली की पहिलं अपील त्याच खात्यात, मग दुसरं, मग आयोग. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्जही कामाला येतो. "माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय केलं" एवढंच विचारा. दीडशे शब्दांची मर्यादा आहे, आणि रागावलेल्या माणसाला ती फार लवकर लागते.

दहाचं नाणं कोणी घेत नाही.

चलनात आहे, सगळे नमुने खरे. सांगलीपासून जयसिंगपूरपर्यंत सगळे मला हे पटवून सांगतात आणि नाणं माझ्याच हातात ठेवतात. माझ्याकडं डबाभर आहेत.

पोलीस ठाण्यात "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणाले.

दखलपात्र गुन्हा असेल तर हद्द कुठलीही असो, नोंदवून घ्यावा लागतो. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १७३ आहे. प्रत फुकट मिळते. नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी पाठवा. कागदपत्रं नुसती हरवली असतील तर गुन्हा नोंदवायची गरज नाही, ऑनलाइन गहाळ नोंद पुरते.

ग्राहक आयोगात जायला वकील लागतोच का?

लागत नाही. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जा. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा, बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. बँकेची तक्रार असेल तर बँकेला लेखी देऊन ३० दिवस थांबा, मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तिथंही फी नाही.

रविवारी येताना काय आणू?

मूळ कागद आणि एक झेरॉक्स. पासबुक भरून आणा. दोन वर्षांपूर्वीची शेवटची नोंद बघून आम्हाला काही सांगता येत नाही. औषधाचा प्रश्न असेल तर रिकामी पट्टी आणा, "पांढरी, गोल, मधे रेघ" एवढ्यावरून आमच्या मेडिकलवाल्यांना ओळखता येत नाही. पॉलिसीचा प्रश्न असेल तर ती ज्या पाकिटातून आली ते पाकीटही, कारण टपालाच्या शिक्क्यावरची तारीख लागते. आणि ज्यांच्या नावावर खातं आहे त्यांनाच घेऊन या. वाचनालयाला तीन पायऱ्या आहेत, खुर्ची आम्ही बाहेर आणून ठेवतो.